आधी माफी लिहा : उच्चभ्रू कॉलेजातला बुली रोमान्स मराठीत लिहिताना

बुली रोमान्स लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीच्या वहीत पहिला प्रसंग सारखाच असतो. महागडं निवासी कॉलेज, शिष्यवृत्तीवर आलेली मुलगी, मेसमधलं भरलेलं ताट आणि त्या ताटात मुद्दाम ओतलेलं ग्लासभर पाणी. ओतणारा देखणा, पैसेवाला, अख्खं कॉलेज ज्याच्या मुठीत आहे असा. माझ्याही पहिल्या कादंबरीचं पहिलं पान हेच होतं. चाळीस प्रकरणं झाली, दोघं एकमेकांची झाली, आणि धाकट्या बहिणीनं सगळं वाचून एकच विचारलं, "ताई, त्या पाण्याचं पुढे काय झालं?"

ते पाणी मी विसरले होते. नायक विसरला होता. नायिकेलाही मी विसरायला लावलं होतं. ती कादंबरी अजून कपाटात आहे. पुढची लिहिताना मी उलटीकडून सुरुवात केली, आणि आता इंदुरातल्या आमच्या लिहिणाऱ्या मैत्रिणींपैकी कुणी विचारलं की हीच पद्धत सांगते. शेवटची माफी आधी लिहायची. मग छळ.

हा प्रकार नेमका काय आहे

ज्यानं छळलं त्याच्याशीच पुढे प्रेम जुळतं, ही या प्रकाराची एका वाक्यातली ओळख. जागा बहुधा बंदिस्त असते, म्हणजे वसतिगृह, अकादमी, खासगी विद्यापीठ. सत्ता तीन-चार मुलांच्या टोळक्याकडे असते आणि नायिका बाहेरून आलेली. १९९२मध्ये जपानमध्ये मुलींच्या मासिकात एक चित्रकथा सुरू झाली. श्रीमंतांची शाळा, चार राजबिंडे गुंड आणि साध्या घरातली न झुकणारी मुलगी. तिच्यावरून २००१मध्ये तैवानात आणि २००९मध्ये कोरियात मालिका निघाल्या, आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलींनी त्या सबटायटल वाचत पाहिल्या. त्याच २००९मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनसंस्थेनं अठरा-वीस वर्षांच्या नायक-नायिकांच्या कथांसाठी 'न्यू अ‍ॅडल्ट' हा शब्द पुढे आणला. पुढे ई-पुस्तकांवर स्वतःच कादंबऱ्या प्रसिद्ध करणाऱ्या लेखिकांनी या दोन्ही धाग्यांचा बुली रोमान्स विणला.

वाचणाऱ्या मुलींना मार खायला आवडतो म्हणून हे खपतं, असं म्हणणाऱ्यांशी मी मनापासून भांडते. खऱ्या आयुष्यात छळणारा परत येत नाही. तो दुसऱ्या गावी नोकरीला लागतो, लग्न करतो, विसरून जातो. कादंबरीत त्याला परत यावं लागतं आणि सगळं आठवावं लागतं. वाचक त्यासाठी येतात.

पहिलं काम : थकबाकीची वही

कोरी वही घ्या आणि पाच रकाने आखा. काय झालं. कुठे झालं. कोणासमोर झालं. तिचं काय गेलं. ते परत कसं येईल. नायकाचा प्रत्येक अपराध या वहीत चढवायचा. शेवटचा रकाना भरता येत नसेल, तर तो अपराध नायकाच्या हातून होऊ द्यायचा नाही.

उदाहरणादाखल एक जोडी घेऊ. तिचं नाव मृणाल, राहते इंदूरच्या पागनीसपागेत. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात होते. मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा प्रश्न सुटायला २०२३चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. थकबाकी या शब्दाचा अर्थ या घरातल्या पोरीला कुणी समजावून सांगायला नको. तो विक्रमादित्य, जुन्या मराठी सरदार घराण्यातला. घरी आजीला 'आजीसाहेब' म्हणणारा, कॉलेजात मात्र इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारा.

त्याच्या वहीतली पहिली नोंद. मृणाल जिन्यात उभी राहून फोनवर आजोबांशी बोलत होती. त्यानं ते ऐकलं आणि रात्री मेसमध्ये सगळ्यांसमोर तिची नक्कल केली. तिचं काय गेलं? त्या रात्रीपासून ती घरी फोनवर मराठी बोलेना, आणि आजोबांना वाटलं, पोरीला आपली लाज वाटायला लागली. दुसरी नोंद. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा तिचा अर्ज त्यानं दडवला आणि मुदत टळली. गेलं काय, तर एका सत्राची फी. तिसरी नोंद. त्याच्या मित्रानं तिचा फोटो फिरवला आणि हा गप्प बसला.

आता शेवटचा रकाना. मेसमधली नक्कल एकांतात, चांदण्यात, तिचे डोळे पुसून भरून येत नाही. ती मेसमध्येच, त्याच तोंडांसमोर आणि मराठीतच भरली पाहिजे. म्हणजे ज्या भाषेची त्यानं टर उडवली ती आपल्या घरची भाषा आहे, हे त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागेल. बघा, माफीचा प्रसंग लिहिताना नायकाचं गुपितच हाती आलं. म्हणून मी आधी माफी लिहा म्हणते. अपराध जिथे झाला तिथे, ज्यांच्यासमोर झाला त्यांच्यासमोर आणि जे गेलं त्याच नाण्यात. फीचे पैसे गुपचूप भरून टाकणं हे तिच्यावर दुसऱ्यांदा उपकार लादणं झालं. त्याला प्रशासनाकडे जाऊन 'अर्ज मी दडवला' असं लेखी द्यावं लागेल आणि त्याची शिक्षा भोगावी लागेल.

हा एक प्रसंग पूर्ण लिहा, अगदी संवादांसकट. दोन दिवस जाऊ द्या आणि परत वाचा. तुम्हालाच तो माफ करावासा वाटत नसेल, तर अपराध कमी करा, अश्रू वाढवू नका.

दुसरं काम : संस्था उभी करणं

खरी संस्था घेऊ नका. आपल्या शहरातल्या एखाद्या नामांकित ठिकाणाचं नाव घालून तिथे छळ रंगवणं हा तिथे शिकणाऱ्या शेकडो मुलांवर अन्याय आहे. काल्पनिक संस्था घ्या, पण तिचा इतिहास खरा वाटला पाहिजे, आणि त्यासाठी माळव्याइतकी समृद्ध जमीन नाही. इंग्रजांनी संस्थानिकांच्या मुलांसाठी राजकोट, अजमेर, लाहोर आणि इंदूर इथे खास कॉलेजं काढली. इंदूरच्या संस्थेला १८८२मध्ये डेली कॉलेज हे नाव मिळालं. या संस्था राजे-सरदारांच्या मुलांसाठी निघाल्या आणि पुढे काळानुसार सर्वांना खुल्या झाल्या. तुमच्या काल्पनिक संस्थेला असाच भूतकाळ द्या. दगडी कमानी, मानचिन्हं, भिंतीवर जुन्या तुकड्यांची छायाचित्रं. लालबाग पॅलेसचं लोखंडी फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावर बेतलेलं आहे असं इंदूरकर अभिमानानं सांगतात. तसंच एखादं फाटक तुमच्या संस्थेला शोभेल.

पण दगडांवर फार रेंगाळू नका. खरा प्रश्न असा की टोळक्याची सत्ता येते कुठून? 'त्याचे बाबा खूप श्रीमंत आहेत' एवढ्यावर वाचक पहिली तीन प्रकरणंच विश्वास ठेवतो. त्याच्या घराण्यानं ग्रंथालयाची इमारत दिली आहे. विश्वस्त मंडळात त्याचा काका आहे. वसतिगृहात कोणाला कुठली खोली मिळते हे त्याचा मित्र ठरवतो, कारण तो विद्यार्थी समितीवर आहे. सत्तेचे असे तीन-चार नळ कागदावर काढा आणि प्रत्येकाची तोटी कुठे आहे ते ठरवा. मध्यंतरानंतर नायिका या तोट्या एकेक करून बंद करणार आहे.

जागेचा नकाशाही काढा. माझी संस्था खंडवा रोडच्या बाजूला, शहराबाहेर असते. तिथून राजवाडा लांब पडतो, रात्री परतताना रिक्षा मिळत नाही, फाटक साडेनऊला बंद होतं. या बारीकसारीक अडचणींतूनच प्रसंग जन्माला येतात.

तिसरं काम : वय आणि कायदा

सगळी मुख्य पात्रं अठरा वर्षांपुढची ठेवा. इंग्रजीतल्या कित्येक कादंबऱ्या शाळेच्या शेवटच्या वर्षात घडतात. आपण ते उचलायचं नाही. आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्यानं अठरापर्यंत मूलच मानलं आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शाळकरी मुलांच्या छळाला प्रेमाची झालर लावणं मला पटत नाही. पदवीचं दुसरं वर्ष, विधी अभ्यासक्रम, व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, यातलं काहीही चालेल.

आता रॅगिंग. मराठी लेखिका इथे हमखास चुकतात, कारण त्यांच्या डोक्यात महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा असतो. तो महाराष्ट्रापुरता आहे. कथा इंदूरची असेल तर हाताशी घ्यायचे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशभर लागू असलेले २००९चे विनियम. ते एकदा नीट वाचा. कथानकाचं किती सामान त्यात पडलं आहे ते पाहून मी थक्क झाले होते. विद्यार्थी आणि पालक दोघांनाही रॅगिंगविरोधी हमी द्यावी लागते, म्हणजे विक्रमादित्यच्या वडिलांनीसुद्धा ती दिलेली आहे. नवख्यांना शक्यतो वसतिगृहाच्या वेगळ्या भागात ठेवायचं असतं. प्रकरण गुन्ह्याच्या पातळीवर गेलं की संस्थाप्रमुखानं २४ तासांत पोलिसांत तक्रार द्यायची असते. शिक्षेत एक ते चार सत्रांसाठी संस्थेतून काढून टाकणंही येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अपराधी ओळखता आला नाही तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे.

या एका कलमावर अख्खा तिसरा अंक उभा राहतो. टोळक्यातलं कुणी तोंड उघडत नाही, म्हणून पूर्ण मजल्याला शिक्षा होणार आहे, आणि त्या मजल्यावर निर्दोष मुलंही आहेत. नायक बोलणार की नाही? २०१६च्या दुरुस्तीनंतर प्रदेश, भाषा, जात, रंग यांवरून केलेली मानहानीही रॅगिंगमध्ये मोडते. म्हणजे मेसमधली ती नक्कल 'गंमत' उरत नाही. मृणालच्या हाती खरं शस्त्र येतं. ते ती कधी उपसते, हा तुमचा प्रश्न.

कायदा अस्तित्वातच नाही असं समजून लिहिलेली कादंबरी आजच्या वाचकाला खोटी वाटते. तक्रारपेटी आहे, समिती आहे, हेल्पलाइन आहे, तरी नायिका तक्रार का करत नाही याचं एक ठोस कारण तुम्हाला द्यावंच लागेल. 'ती घाबरली' हे अर्धंच कारण झालं. 'तक्रार केली तर बाबा घरी परत बोलावतील' हे पूर्ण कारण.

चौथं काम : छळाची हद्द

इथे मला स्वतःचं थोडं सांगायचं आहे. बारावीनंतर मी पुण्यात शिकायला गेले. वसतिगृहात वरच्या वर्गातल्या मुली रोज रात्री मला उभं करून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावत. माझी मराठी इंदुरी. 'मी जेवून राहिलेय', 'तो येऊन राहिलाय' अशी वाक्यं माझ्या तोंडून सहज येत, आणि खोली हसे. कुणी अंगाला हात लावला नाही, एक पैसा मागितला नाही. पण महिनाभरात मी घरीसुद्धा वाक्य मनात तपासून मग बोलायला लागले. खूप वर्षांनी त्यांतली एक लग्नात भेटली. मला मिठी मारली आणि म्हणाली, "काय मजा यायची ना गं तेव्हा!" तिला खरंच तसंच आठवत होतं.

त्यामुळे दोन गोष्टी मी पक्क्या धरल्या आहेत. छळ खरा वाटायला मारहाण लागत नाही. रोज थोडी थोडी हिरावून घेतलेली साधी गोष्ट लागते, बोलणं, जेवणं, झोप, एखादी बसायची जागा. आणि नायकाला आठवलं पाहिजे. तारीख, जागा, तिनं त्या दिवशी घातलेला कुर्ता. तो विसरला असेल, तर तिनं आठवण करून दिल्यावर त्याच्या पायाखालची जमीन सरकली पाहिजे.

हद्दीबद्दल मी कडक आहे. शरीरावर जबरदस्ती, खासगी चित्रं पसरवणं आणि जिवावर बेतेल असं काही, हे नायकाच्या हातून कधीच नाही. कथेत असलंच तर ते दुसरं कुणी करतं आणि तुरुंगात जातं. काही लेखिका म्हणतात, डार्क रोमान्समध्ये सगळं चालतं. त्यांनी लिहावं. पण या तिन्हींचा पाचवा रकाना मला आजवर भरता आलेला नाही.

पाचवं काम : तिच्या हातात काय आहे

हे थोडक्यात, कारण बहुतेकींना ते जमतं. नायिकेला फक्त सोसायला लावू नका. तिच्याकडे एक कौशल्य, एक मैत्रीण आणि एक 'नाही' हवा. कौशल्य असं की टोळक्यालाही त्याची गरज पडावी. मैत्रीण अशी की ती नायकाला शेवटपर्यंत पूर्ण माफ करत नाही. वाचकाची बाजू धरायला कुणीतरी हवंच. आणि 'नाही' असा की तो कथेच्या मध्यावर उच्चारला जातो आणि पाळला जातो.

सहावं काम : इंदूरचं वर्ष आणि कथेचं वर्ष

यात मी सगळ्यात जास्त रमते. अंतर कमी होण्याचे टप्पे शहराच्या पंचांगावर बसवा. उन्हाळ्याच्या शेवटी प्रवेश, पावसात छळ. सप्टेंबरच्या सुमारास अनंत चतुर्दशी येते, आणि त्या रात्री मिल कामगारांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, निघतात. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, तरी ती परंपरा टिकली आहे. विक्रमादित्य मित्रांबरोबर गंमत बघायला आलेला. रोषणाईच्या गाडीपाशी एक म्हातारा तार जोडतोय आणि त्याला बॅटरी धरून उजेड देणारी मृणाल मोठ्यानं, मोकळ्या इंदुरी मराठीत बोलतेय, हसतेय. असं बोलताना त्यानं तिला फक्त एकदा, त्या जिन्यात ऐकलं होतं. तिला तो दिसत नाही. एवढंच. इथे प्रेम सुरू करू नका. त्याला फक्त कळू द्या की आपण काय बंद पाडलं.

थंडीत सराफा. दिवसा दागिन्यांची पेढी, रात्री खाण्याची जत्रा. गराडू हा कंद फक्त हिवाळ्यात मिळतो, तळून वरून जिरावण मसाला भुरभुरलेला. पहिलं सरळ बोलणं इथे होऊ द्या, कारण सराफ्यात बसायला जागा नसते. दोघांना उभ्यानं, एकाच कागदी बशीत खावं लागतं आणि आजूबाजूला पाचशे माणसं असतात. म्हणून तिला इथे सुरक्षित वाटतं. ती पहिल्यांदा विचारते, "अर्ज कुठे ठेवला होतास?" तो खरं सांगतो. ती बशी त्याच्या हातात ठेवून निघून जाते.

आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक. राजवाड्यासमोर माणसांचा समुद्र, टँकरमधून उडणारं रंगीत पाणी, सगळे एकाच रंगाचे, कोण सरदार आणि कोण कामगार ते ओळखू येत नाही. कुणीही कुणालाही रंग लावावा असा तो दिवस. तो मुठीत गुलाल घेऊन तिच्यासमोर उभा राहतो आणि हात खालीच ठेवतो. माझ्या मते या प्रकारातला सगळ्यात उत्कट प्रणयप्रसंग हाच. तीन प्रकरणांआधी तिनं 'नाही' म्हटलेलं असतं, आणि ज्या दिवशी सगळं शहर ते मोडायला मोकळं आहे त्या दिवशी तो ते पाळतो. रंग तिनं लावायचा, तिला वाटेल तेव्हा. या वर्षी नाही वाटला तरी चालेल.

सातवं काम : भाषा

संस्थेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरात मराठी. इंदूरचा मराठी माणूस दिवसातून तीनदा भाषा बदलतो आणि प्रत्येक बदलाबरोबर त्याची पायरीही बदलते. संवाद लिहिताना कोण कोणापुढे कुठली भाषा सोडतो याकडे लक्ष द्या.

"तू मराठी आहेस?"
"हं."
"मग त्या दिवशी तुला सगळं समजत होतं."
"सगळं."
"आजोबा विचारत होते, जेवलीस का. त्यात हसण्यासारखं काय होतं?"

इथे त्याला उत्तर देऊ देऊ नका. आणि तिची मराठी पुणेरी करून शुद्ध करू नका. 'डोकं दुखून राहिलंय' हे वाक्य तसंच छापलं जाऊ द्या. संपादकानं खूण केली तरी भांडा. मी भांडले आहे.

आठवं काम : नाक घासणं

सगळ्यात जास्त जागा याला द्या. चाळीस प्रकरणांची कादंबरी असेल तर शेवटची किमान दहा. एका प्रकरणात गुडघे टेकणं, पुढच्यात लग्न, असं केलंत की वाचक फसवणूक झाल्यासारखा उठतो. वही समोर ठेवा आणि एकेक नोंद फेडत चला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पैशाची बाजू, कारण ती मोजता येते. मग मित्राविरुद्ध साक्ष, कारण त्यात त्याचं स्थान जातं. मेसमधली माफी शेवटी.

त्याला माफी मागितल्यावर लगेच काही मिळू देऊ नका. मेसमध्ये तो मराठीत बोलतो, लोक हसतात, तेच लोक, तसेच. ती उठून निघून जाते. त्या रात्री ती आजोबांना फोन करते आणि जिन्यात उभी राहून, दबक्या आवाजात नाही, नेहमीच्या आवाजात मराठी बोलते. पहिल्या नोंदीची फेड ही आहे. तो तिथे नसतो. वाचकाला दिसतं, त्याला नाही.

शेवटचं : बाहेर काढण्याआधी

प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन ठिकाणी भागाभागानं टाकणार असाल, तर एक धोका लक्षात घ्या. पहिले पंधरा भाग सगळा छळच असतो, आणि वाचक तिथेच निकाल लावतात. म्हणून प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या भागात नायिकेचा एक छोटा विजय ठेवा. पहिल्या भागाच्या वर स्पष्ट सूचना द्या, काय काय येणार आहे, पात्रांची वयं काय आहेत. मी त्याखाली राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांकही देते, १८००-१८०-५५२२. वाचणाऱ्यांत कुणी आज रात्री त्याच मेसमध्ये बसलेली असू शकते.

मग हस्तलिखित दोघींना द्या. एक अशी, जिला हा प्रकार आवडतो. दुसरी अशी, जी वसतिगृहात राहिली आहे. दोघींना एकच काम सांगा : ज्या पानावर तुम्ही त्याला मनातून माफ केलंत, तिथे पेन्सिलनं खूण करा. पहिलीची खूण गेरच्या प्रसंगावर आणि दुसरीची बरीच पुढे आली, तर कादंबरी तयार आहे. दोघींची खूण त्याच्या देखणेपणाच्या वर्णनावर आली, तर वही पुन्हा उघडा. आणि दुसरीनं कुठेच खूण केली नसेल, तर तिच्याकडे चहाला जा आणि कुठली नोंद राहिली ते विचारा. माझ्या बहिणीनं पाण्याच्या ग्लासाखाली मारलेली रेघ मी अजून खोडलेली नाही.